पोटगीचा पैसा कोणाचा?

पोटगी हा आपल्याकडचा जुना व घरगुती शब्द आहे. त्यांत पोट आहे. दुसरें कांहीं नाहीं. हें पोट टाकलेल्या बायकोचें, तिच्या पोरांचें, कीं वाटणी न मिळालेल्या विधवेचें, ह्याची चौकशी तो शब्द करीत नाहीं. ज्याच्या हातीं मिळकत आहे त्यानें, ज्याच्या हातीं ती नाहीं त्याच्या पोटापाण्याची तजवीज करावी, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी कायद्याच्या भाषेंत मात्र घटस्फोटानंतर बायकोला द्यावयाच्या पैशाला एक नांव आहे व मुलांसाठीं द्यावयाच्या पैशाला दुसरें आहे. आणि हीं दोन नांवें केवळ कोशकारांच्या सोयीचीं नाहींत. अमेरिकेंत १९४२ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे पाऊणशें वर्षांहून अधिक काळ, ह्यांपैकीं कोणतें नांव हुकूमनाम्यांत पडलें ह्यावर मोडलेल्या कुटुंबांचा प्राप्तीकर ठरत असे. पैसा तोच, देणारा तोच, घेणारी तीच, चुलीवर शिजणारें अन्नहि तेंच. नांव बदललें कीं कर भरणारा बदले. ह्या नांवांच्या इतिहासाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. विषय कराचा असल्यामुळें तो रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु करवसुलीचा अंमलदार दारांत उभा राहिला म्हणजे घरांतील माणसांचीं एकमेकांशीं असलेलीं नातीं जितकीं स्वच्छ दिसूं लागतात, तितकीं तीं लग्नमंडपांतहि दिसत नाहींत.

अमेरिकेंतील आधुनिक प्राप्तीकर १९१३ सालचा. त्या वर्षीं राज्यघटनेंत सोळावी दुरुस्ती झाली व ऑक्टोबर महिन्यांत पहिला कायदा मंजूर झाला. कर मोठा सौम्य होता. मूळ दर शेंकडा १, आणि गडगंज मिळकतींवरील जादा आकार धरूनहि तो शेंकडा ७ च्या वर जात नसे. त्या काळीं न्यूयॉर्कांत हॉवर्ड गूल्ड नांवाचा एक धनिक होता. आगगाड्यांच्या कंपन्या गिळून कुबेर झालेल्या जे गूल्डचा हा मुलगा. त्याची पत्नी कॅथरीन ही पूर्वाश्रमीची नटी. दोघांचें बिनसलें, आणि १९०९ सालीं न्यायालयानें त्यांना कायमचें विभक्त करून नवऱ्यानें बायकोला तिच्या हयातीपर्यंत दरमहा ३,००० डॉलर द्यावे असा हुकूमनामा केला. १९१३ व १९१४ ह्या सालांत मिळालेल्या रकमा कॅथरीनची प्राप्ती ठरतात कीं नाहीं, हा प्रश्न वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. १९ नोव्हेंबर १९१७ रोजीं न्यायमूर्ति मॅकरेनॉल्ड्स ह्यांनीं निकाल सांगितला. कर बसविणारा कायदा ओढूनताणून लांबवावयाचा नसतो, आणि शंका उत्पन्न झाल्यास तिचा फायदा नागरिकाला द्यावयाचा असतो, हें त्यांचें पहिलें सूत्र. दुसरें सूत्र आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. पोटगी ही धंद्यांतील देवघेवींतून उद्भवत नाहीं. नवऱ्यानें बायकोला पोसावें ह्या नैसर्गिक व कायदेशीर कर्तव्यांतून ती उद्भवते. ती बायकोचा नफा नव्हे, आणि ती दिल्यामुळें नवऱ्याची करपात्र प्राप्तीहि कमी होत नाहीं.

घर मोडलें तरी कराच्या दृष्टीनें तें मोडलेलें नाहीं, असा ह्याचा अर्थ होतो. एकत्र राहत असतां नवरा ज्या पैशाचा किराणा आणी, तोच पैसा आतां तो टपालानें पाठवितो. खर्च त्याचाच, करहि त्याचाच. विचार जुन्या वळणाचा होता हें खरें, पण सुसंगत होता. बायको आणि मूल ह्यांच्यांत त्यानें भेद केला नव्हता. दोघांनाहि कर्त्या पुरुषानें आपल्या कर भरलेल्या पैशांतून पोसावयाचें, ही व्यवस्था पंचवीस वर्षें चालली. आणि दर हलके होते तोंपर्यंत बहुतेकांना ती जाचण्याचें कारण नव्हतें.

युद्धानें हें चित्र पालटलें. २१ ऑक्टोबर १९४२ च्या महसुली कायद्यानें माथ्याचा दर शेंकडा ८८ वर नेला आणि एकट्या माणसाची करमाफीची मर्यादा ५०० डॉलरपर्यंत खालीं आणली. ज्यानें पूर्वींच्या स्वस्ताईंत आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा पोटगीदाखल कबूल केला होता, त्याला आतां संपूर्ण मिळकतीवर कर भरून वर तो हिस्सा द्यावा लागे. कांहीं माणसांजवळ पोटगी देऊन झाल्यावर कर भरण्यापुरताहि पैसा उरणार नाहीं, अशी कबुली काँग्रेसच्या समितीनेंच दिली. तेव्हां त्याच कायद्यानें गूल्ड खटल्याचें सूत्र उलटें फिरविलें. ठराविक मुदतीनें दिली जाणारी पोटगी नवऱ्याच्या प्राप्तींतून वजा व्हावी व बायकोच्या प्राप्तींत धरली जावी, असें ठरलें. जुन्या हुकूमनाम्यांनाहि हा नियम लागू झाला. म्हणजे जिनें पूर्वीं १०० डॉलर म्हणून १०० डॉलर पदरांत घेतले होते, तिला आतां त्यांतून सरकारचा वांटा काढून ठेवणें भाग पडलें. पुढील वर्षापासून नोकरदारांचा कर पगारांतून परस्पर कापला जाऊं लागला. पोटगींतून मात्र कोणी कापीत नसे. ती सगळी घरांत येई, आणि कराचा दिवस उजाडेपर्यंत त्यांतलें कांहीं शिल्लक ठेवणें हें त्या बाईचें काम असे. नवऱ्यावरील अन्याय दूर करण्याच्या भरांत ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली होती असें दिसत नाहीं.

येथें एक गंमत सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. १९४२ सालीं अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत एकत्र नांदणाऱ्या जोडप्याला आपली मिळकत दोघांत वाटून कर हलका करून घेण्याची मुभा नव्हती. कॅलिफोर्निया, टेक्सास वगैरे थोड्या संस्थानांतच, तेथील समाईक मालमत्तेच्या कायद्यामुळें, ती होती. सर्व विवाहितांना ही सवलत १९४८ सालीं मिळाली. मधल्या सहा वर्षांत बाकीच्या संस्थानांतील नवराबायकोनें एकाच्या पगाराचे कराच्या कागदावर दोन भाग करावयाचे म्हटल्यास घटस्फोट हा एक सरळ मार्ग होता! कोणी केवळ एवढ्यासाठीं काडी मोडून घेतली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु कायदे करणाऱ्यांच्या एका हाताला दुसऱ्याचा पत्ता नसतो, ह्याचा हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे.

पण ह्या सगळ्यांत मूल कोठें होतें? १९४२ च्या कायद्यानें त्याच्यासाठीं एक अपवाद लिहून ठेवला. हुकूमनाम्यानें किंवा लेखी करारानें जी रक्कम, अथवा रकमेचा जो हिस्सा, अज्ञान मुलांच्या पोषणासाठीं म्हणून नक्की केला असेल, तो आईच्या प्राप्तींत धरूं नये आणि बापालाहि त्याची वजावट मिळूं नये. कारण उघड आहे. हुकूमनाम्यानें नवराबायकोचें नातें तुटतें, बापलेकांचें तुटत नाहीं. मुलाला जेवूं घालणें हा बापाचा स्वतःचा घरखर्च. आणि घरखर्चाला वजावट कोठली? अवलंबून असलेल्या माणसामागें ३५० डॉलरची जी सूट सर्व कुटुंबांना होती, तीच त्याला मिळावयाची. हा भेद मुळांत चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. बायको ही स्वतंत्र व्यक्ति ठरली, म्हणून तिच्या पैशावर तिचा कर. मूल अजून बापाचेंच, म्हणून त्याच्या पैशावर बापाचा कर. जें बिघडलें तें व्यवहारांत बिघडलें, आणि 'नक्की केला असेल' ह्या साध्या शब्दांवरून बिघडलें.

व्यवहार कसा होतो तो एका उदाहरणानें पाहूं. आंकडे आमच्या कल्पनेंतले आहेत. पण त्या काळाला सोडून नाहींत, कारण १९५४ ते १९६३ ह्या दशकांत तेथील दर शेंकडा २० पासून ९१ पर्यंत चढत गेलेले होते. समजा, बाप शेंकडा ५० च्या पायरीवर आहे व आई शेंकडा २० च्या. बापाजवळ २०० डॉलर आहेत. त्यानें मुलाच्या नांवें १०० डॉलर द्यावयाचे म्हटल्यास आधीं त्याला २०० डॉलरांवर १०० डॉलर कर भरावा लागतो. उरलेले १०० तो देतो आणि हात झाडतो. आतां तोच गृहस्थ आईच्या नांवें पोटगी म्हणून १२५ डॉलर देतो असें समजा. त्याच्याकडे करपात्र म्हणून ७५ उरतात, त्यांवर साडेसदतीस डॉलर कर जातो आणि साडेसदतीस त्याच्या खिशांत राहतात. आई १२५ वर २५ डॉलर कर भरते. तिच्या हातीं पूर्वींइतकेच १०० राहतात. बाप खुष, आईचें नुकसान नाहीं, आणि हे साडेसदतीस डॉलर गेले ते सरकारी खजिन्यांतून. बाप मनाचा थोर असेल, किंवा आईचा वकील हुषार असेल, तर ह्या बचतींतला कांहीं भाग आईच्याहि पदरांत पडे. तेव्हां दोन्ही बाजूंच्या वकिलांनीं मुलाचें नांव हुकूमनाम्यांतून पुसून टाकण्यांत एकमेकांना साहाय्य करावें ह्यांत आश्चर्य तें कोणतें? घटस्फोटाच्या खटल्यांत उभयपक्षांचें ज्यावर एकमत होतें अशा ज्या थोड्या गोष्टी असतात, त्यांपैकीं ही एक झाली.

सरकारनें हरकत घेतली, आणि ती हरकत जेरी लेस्टर नांवाच्या गृहस्थाच्या खटल्यांत १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आली. लेस्टरच्या करारांत मुलांसाठीं अमुक रक्कम असा शब्द नव्हता. मात्र त्यांत एक कलम असें होतें कीं, तीन मुलांपैकीं एखाद्याचें लग्न झालें, तें स्वतंत्र झालें किंवा मरण पावलें, तर पोटगी एक-षष्ठांशानें कमी व्हावी. करखात्याचें म्हणणें सरळ होतें. एक मूल गेल्यावर सहावा हिस्सा कमी होतो, तर तो सहावा हिस्सा त्या मुलाचा होता; मुलें तीन, तेव्हां निम्मी पोटगी मुलांची. हें गणित प्राथमिक शाळेंतला विद्यार्थीहि मान्य करील. परंतु न्यायमूर्ति क्लार्क ह्यांनीं तें मान्य केलें नाहीं. कायद्याला अनुमान नको आहे, नक्की केलेला आंकडा हवा आहे, असें त्यांनीं सांगितलें. करारानें आईला ही सारी रक्कम स्वतःच्या मर्जीप्रमाणें खर्च करण्यास मोकळीक ठेवली असेल, तर ती सारी तिची प्राप्ती होय. त्यांतला कोणता भार कोणी उचलावा हें नवराबायकोनें करारांतील एका साध्या वाक्यानें ठरवावें, एवढी सत्ता काँग्रेसनेंच त्यांच्या हातीं दिली आहे. न्यायमूर्ति डग्लस ह्यांनीं स्वतंत्र टिपण जोडून एक मार्मिक पुस्ती दिली. सरकारशीं व्यवहार करणाऱ्या नागरिकानें काटेकोर वागावें, असें न्यायमूर्ति होम्स पूर्वीं म्हणून गेले होते. कराचे कायदे आतां इतके गुंतागुंतीचे झाले आहेत कीं नागरिकावर चालून येणाऱ्या सरकारनेंहि तितकेंच काटेकोर वागावें, असें डग्लस ह्यांनीं सुनावलें.

न्यायशास्त्र म्हणून हा निकाल निर्दोष आहे. गूल्ड खटल्यांतील पहिलें सूत्र, शंकेचा फायदा नागरिकाला, तेंच येथें पुन्हां बोललें. पण हा नागरिक कोण? बाप नागरिक आहे, आईहि आहे. दोघांनाहि वकील आहेत आणि तिसऱ्या बाजूस खजिन्याचा वकील आहे. ज्याच्या जेवणाचा पैसा वांटला जात होता तें मूल ह्या तिघांच्या बोलण्यांत केवळ अपूर्णांक म्हणून हजर होतें. १९६१ नंतर तेवीस वर्षें अमेरिकेंतले घटस्फोटाचे वकील ह्या निकालाच्या धर्तीवर करार लिहीत राहिले. बायकोमुलांची मिळून एकच रक्कम, तिला नांव पोटगीचें, आणि मूल मोठें झालें कीं ती कमी करण्याचें एक कलम.

आतां ह्यांत मुलाचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. पैसा घरांत येत होता ना? बिघडत असे तें आईनें पुन्हां लग्न केलें म्हणजे. बायकोची पोटगी सामान्यतः तिच्या पुनर्विवाहाबरोबर थांबते. मुलाचा हक्क आईच्या लग्नानें थांबत नाहीं. परंतु ज्या हुकूमनाम्यांत मुलाच्या हक्काची रक्कम आईच्या पोटगींत विरघळवून टाकली होती, तेथें आईच्या लग्नाच्या दिवशीं दोन्ही एकदमच बंद पडण्याची भीति असे, आणि तिला पुन्हां न्यायालयाची पायरी चढून मुलासाठीं नव्यानें मागणें भाग पडे. १९७५ सालीं संघसरकारनें मुलांच्या पोषणाची थकबाकी वसूल करण्यासाठीं संस्थानांच्या मदतीनें एक मोठी यंत्रणा उभारली. तिचा आधार कोणाला? ज्या मुलाच्या नांवें रक्कम ठरली होती त्याला. करांतले साडेसदतीस डॉलर वांचविण्यासाठीं ज्याचें नांव पुसलें गेलें होतें, त्याला ह्या यंत्रणेपुढें उभें राहतांना प्रथम आपलें नांव सिद्ध करावें लागणार. ह्या व्यवहारांत आईचें सदैव नुकसानच झालें असें मात्र नव्हे. कित्येक आयांना करांतील बचतीमुळें अधिक पैसा मिळाला असेल, आणि तो त्यांनीं मुलांवरच खर्चिला असेल. तथापि ज्याच्या नांवें कांहींच नाहीं त्याला दुसऱ्याच्या चांगुलपणावर जगावें लागतें, हें तितकेंच खरें आहे.

१९८४ च्या कायद्यानें काँग्रेसनें लेस्टरचा निकाल पुसून टाकला. हुकूमनाम्यांत नांव कांहींहि असो. जी रक्कम मुलाचें वय, लग्न, मृत्यु किंवा शाळा सोडणें ह्यांसारख्या घटनेबरोबर कमी होते, ती तेवढ्यापुरती मुलाची समजावी, असें आतां ठरलें. एवढेंच नव्हे, तर ती ज्या वेळीं कमी होते ती वेळ अशा घटनेशीं उघड जुळती असली तरी पुरे. जुळती म्हणजे किती? मूल अठरा, एकवीस किंवा स्थानिक कायद्यानें सज्ञान होण्याच्या वयाचें होण्याआधीं अगर नंतर सहा महिन्यांच्या आंत, असें नियमांनीं सांगितलें. सहा महिन्यांची रेघ ओढल्यावर सातव्या महिन्याकडे वकिलांची नजर जाणार, हें ओघानेंच आलें. असो. निदान प्राथमिक शाळेंतलें तें गणित तेवीस वर्षांनीं बरोबर ठरलें.

अमेरिकेनें मुलाचा पैसा बापाचा मानला. त्याच काळांत इंग्रजीभाषी जगांत ह्याच प्रश्नाचीं आणखी दोन उत्तरें चालू होतीं, आणि तीं शेजारीं ठेवल्याशिवाय अमेरिकन उत्तराचें वैशिष्ट्य लक्षांत येत नाहीं. इंग्लंडांत न्यायालयाच्या हुकमानें बापानें थेट मुलाला दिलेला पैसा हा त्या मुलाचीच प्राप्ती धरला जाई. आणि मूल हा स्वतंत्र करदाता असल्यामुळें त्याच्या वाट्याची करमाफीहि त्याला पूर्ण मिळे. दुभंगलेल्या घरांतील मुलाची महागड्या शाळेची फी अशा रीतीनें करमाफ पैशांतून भरतां येई. धड घरांतल्या बापाला ती कर भरलेल्या पैशांतूनच भरावी लागे. ह्याची परमावधि शर्डली खटल्यांत झाली. ह्या बापाजवळच तिन्ही मुलांचा ताबा होता, फीहि तोच भरीत होता. आणि तरीहि 'मी माझ्या मुलांना फीचे पैसे द्यावे असा हुकूम माझ्यावर करा' अशी विनंती घेऊन तो न्यायालयांत गेला! खालच्या न्यायालयांनीं ह्याला ढोंग म्हणून नकार दिला, पण १९८७ सालीं लॉर्डांच्या सभेनें त्याला हुकूम मिळवून दिला. मुलांचा त्यांत फायदाच आहे, मग कर वांचविण्याचा हेतु असला म्हणून काय बिघडलें, असा त्यांचा विचार. पुढच्याच वर्षीं अर्थमंत्री लॉसन ह्यांनीं आपल्या अंदाजपत्रकांत ही वाट बंद केली. १५ मार्च १९८८ नंतरच्या हुकमांना हा नियम राहिला नाहीं; घटस्फोटित बायकोसाठीं जी किरकोळ सवलत मागें ठेवली होती तीहि २००० सालीं काढून घेण्यांत आली, अपवाद फक्त ५ एप्रिल १९३५ पर्यंत जन्मलेल्यांचा.

कॅनडानें तिसरें उत्तर दिलें. तेथेंहि १९४२ सालींच, त्याच युद्धाच्या करभाराखालीं, पोटगीची वजावट आली. परंतु कॅनडानें बायकोचा व मुलाचा पैसा वेगळा केला नाहीं. दोन्ही बापाच्या प्राप्तींतून वजा, दोन्ही आईच्या प्राप्तींत जमा. म्हणजे मुलाचा पैसा आईचा. क्वेबेक प्रांतांतील सूझान थिबोदो ह्या बाईला १९८७ च्या हुकूमनाम्यानें दोन मुलांसाठीं, आणि केवळ त्यांच्याचसाठीं, दरमहा १,१५० डॉलर मिळत. मुलांसाठीं आलेल्या पैशावर मी कर कां भरावा, असा प्रश्न घेऊन ती राज्यघटनेंतील समतेच्या कलमाखालीं न्यायालयांत गेली. १९९४ सालीं संघराज्याच्या अपील न्यायालयानें तिचें म्हणणें मान्य केलें. २५ मे १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध दोन मतांनीं तें फेटाळलें. बहुमताचा युक्तिवाद असा कीं, घटस्फोटानंतरचें कुटुंब हा एक घटक धरावा; बाप वरच्या पायरीवर व आई खालच्या पायरीवर असल्यामुळें त्या घटकाचा एकंदर कर कमीच होतो; आणि आईच्या कराचा विचार करून पोटगी वाढवून देणें हें कुटुंब-न्यायालयाचें काम आहे. ज्यांनीं हुकूमनाम्यानें घर वेगळें केलें, त्यांनींच तें आंकडेमोडीसाठीं पुन्हां एकत्र मांडावें, ही गोष्ट आम्हांस तरी पटत नाहीं. घटकाचा फायदा झाला हें खरें. पण तो बापाच्या खिशांत झाला आणि कराची मागणी आईच्या दारीं आली. कुटुंब-न्यायालय कर मिळवावयास विसरलें तर काय, ह्याला बहुमताकडे उत्तर नव्हतें. विरुद्ध मत देणाऱ्या दोघी, न्यायमूर्ति लरो-द्युबे व न्यायमूर्ति मॅकलॅक्लिन, ह्या त्या पीठावरील दोनच स्त्रिया होत्या. खटला हरला, पण प्रश्न दडपला गेला नाहीं. १९९६ च्या अंदाजपत्रकांत सरकारनेंच माघार घेतली, आणि १ मे १९९७ पासून नव्या हुकूमनाम्यांत मुलांचा पैसा बापाला वजा नाहीं व आईला करपात्र नाहीं असा नियम झाला. त्याच दिवसापासून बापाच्या मिळकतीवरून मुलाची रक्कम सांगणारे सरकारी तक्तेहि लागू झाले.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईंतच उभा राहिला होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सीतलदास तीरथदास ह्या मुंबईच्या करदात्यावर बायको व मुलें ह्यांच्या पोटगीचा हुकूमनामा संमतीनें झालेला होता. दिलेली पोटगी प्राप्तींतून वजा व्हावी अशी त्याची मागणी. मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती मान्य केली. १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें अमान्य केली. न्यायमूर्ति हिदायतुल्ला ह्यांनीं त्या वेळीं घालून दिलेली कसोटी करकायद्याच्या विद्यार्थ्यांना आजहि पाठ करावी लागते. प्राप्ती हातांत येण्यापूर्वींच वाटेंत दुसऱ्याकडे वळली असेल तर ती तुमची नव्हे. हातांत आल्यावर तुम्हीं ती कर्तव्य म्हणून खर्च केली असेल तर ती तुमचीच. सीतलदासाची प्राप्ती त्याच्या हातीं आली होती. हें झालें देणाऱ्याचें. घेणारीचा प्रश्न प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरीदेवी ह्यांच्या खटल्यांत पुढें मुंबईच्याच उच्च न्यायालयापुढें आला. एकरकमी मिळालेली पोटगी हें भांडवल, म्हणून करमुक्त. दरमहा मिळणारी मात्र प्राप्ती, कारण हुकूमनामा हा तिचा निश्चित उगम आहे, असा तेथें निवाडा झाला. हे दोन निकाल एकापुढें एक ठेवून पाहावे. नवऱ्याला वजावट नाहीं, आणि बायकोला दरमहाच्या रकमेवर कर. म्हणजे त्याच रुपयावर एकदां त्याच्या घरीं व एकदां तिच्या घरीं आकारणी होऊं शकते. गूल्डच्या न्यायालयानें निदान एकदांच कर घेतला होता. आणि सीतलदासाच्या खटल्यांत बायको व मुलें एकाच मापानें मोजलीं गेलीं, जणू पोटगी ह्या आपल्या शब्दाप्रमाणेंच.

पुन्हां अमेरिकेकडे वळून हा वृत्तान्त पुरा केला पाहिजे. वजावटीची व्यवस्था १९८४ नंतर नीट चालली असें नाहीं. २०१० सालच्या विवरणपत्रांची तपासणी करखात्याच्या निरीक्षकांनीं केली, तेव्हां पोटगीची वजावट मागणाऱ्या शेंकडा ४७ पत्रांच्या बाबतींत घेणाऱ्यानें तेवढी प्राप्ती दाखविलेलीच नव्हती. एकंदर तफावत २ अब्ज डॉलरांच्या वर होती. नवऱ्यांनीं अधिक सांगितलें कीं बायकांनीं कमी, हें प्रत्येक ठिकाणीं निराळें असणार. २२ डिसेंबर २०१७ च्या कायद्यानें वजावटच काढून टाकली. घटस्फोटितांना विवाहितांपेक्षां सवलत अधिक, ही घटस्फोटाला दिलेली सरकारी मदतच होय, असें प्रतिनिधिसभेंतील बहुमतवाल्यांचें म्हणणें. दहा वर्षांत खजिन्यांत सुमारें ७ अब्ज डॉलर अधिक पडतील हाहि हिशेब त्यामागें होताच. आपला हेतु गूल्ड खटल्याचें सूत्र पुन्हां लागू करण्याचा आहे असें सभेच्या अहवालांत स्पष्ट नमूद आहे. मॅकरेनॉल्ड्स ह्यांच्या निकालाला त्या वेळीं शंभर वर्षें आणि एक महिना झाला होता. ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या हुकूमनाम्यांना नवा नियम लागू झाला, पूर्वींचे बहुतेक जुन्याखालींच राहिले. आणि २०१८ च्या शेवटच्या आठवड्यांत व २०१९ च्या पहिल्या आठवड्यांत विभक्त झालेल्या दोन जोडप्यांचे कर कायमचे निराळे झाले.

नव्या व्यवस्थेंत बायकोचा व मुलाचा पैसा कराच्या दृष्टीनें सारखाच. मुलाचें नांव पुसण्याचा मोह त्यामुळें राहिला नाहीं. पण त्याच कायद्यानें प्रत्येक मुलामागें मिळणारी थेट करसवलत २,००० डॉलरांपर्यंत वाढविली, आणि ती सवलत मूल ज्याच्या विवरणपत्रांत त्याला मिळावयाची. नियमानें तें मूल, तें ज्याच्याजवळ राहतें त्याचें, म्हणजे बहुधा आईचें. आईला वाटल्यास मात्र ८३३२ क्रमांकाच्या पत्रकावर सही करून तिला हा हक्क बापाला देतां येतो. हें पत्रक १९८४ च्या कायद्याचें अपत्य. आतां त्याचा भाव वाढला, आणि घटस्फोटाच्या वाटाघाटींत घर, मोटार, पोटगी ह्यांच्या यादींत त्याला जागा मिळाली. त्याच्या पहिल्या भागांत मूल चालू वर्षापुरतें देण्याची सोय आहे, दुसऱ्यांत पुढील वर्षांसाठीं देण्याची. दिलेलें परत घ्यावयाचें असल्यास त्यासाठीं तिसरा भाग निराळा छापलेला आहे.